तीन घरांचा मसाला

आमच्या आईचा मालवणी मसाला डोळे बांधून ओळखून दाखवीन, ही माझी जाहीर पैज! गाव सुटलं, गिरणी गेली, लालबागची खोलीही गेली. आता मुलुंडला बाराव्या मजल्यावर आलो, पण मसाला तोच. आईने भाजायचा आणि आम्हा तिन्ही भावंडांच्या घरी वर्षभर पुरवायचा.

यंदा आई म्हणाली, "ह्या शेवटचा. शिकून घेवा, नायतर माझ्याबरोबर जायत."

मग काय, मी कामालाच लागलो! चेंबूरहून बहीण सुगंधाला बोलावलं, कांजूरमार्गहून धाकट्या आकाशला. दोघं घड्याळाकडे बघत आले, पण आले. माझी बायको श्वेता गप्प गप्प ओटा मोकळा करत होती. मला वाटलं, मिरच्यांची धास्ती घेतली असेल.

मिरच्या कढईत पडल्या. "नितेश, खिडक्यो उघड," आई म्हणाली.

"अगं, शेजारी बोंबलतील! एवढी महागाची चिमणी कशाला बसवलीय?" मी सगळ्या खिडक्या बंद करून चिमणी फुल्ल सोडली.

ही चिमणी धूर बाहेर न सोडता बिल्डिंगच्या सामाईक डक्टमध्ये सोडते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! ठसका घरोघरच्या बाथरूममध्ये पोचला. चौदाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ साबणासकट बाहेर पळाले. कुणीतरी ओरडलं, "गॅस लीक!" अलार्म कोकलायला लागला, लिफ्ट बंद पडली आणि अख्खी बिल्डिंग शिंकत, खोकत, शिव्या घालत जिन्याने खाली! आईला मी आणि आकाशने खुर्चीसकट उतरवलं. मांडीवरची मिरच्यांची परात काही तिने सोडली नाही.

खाली सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्रकाका लालबुंद होऊन उभे. "मसाला? अहो, दुकानात मिळत नाही का?"

"दुकानातला?" मी भडकलो. "काका, आमची तीन घरं वर्षभर ह्या मसाल्यावर जेवतात! सांग ना गं सुगंधा!"

सुगंधाने नाकावरची ओढणी काढली नाही. "दादा, ह्यांना अ‍ॅसिडिटी आहे रे. मागच्या वर्षीचा पण फ्रीजमध्ये तसाच पडलाय."

"आकाश?"

"आमची पोरं पास्ता खातात यार. मी ऑफिसात वाटून टाकतो. सगळे झकास म्हणतात!"

असा संताप आला! "लाज नाही वाटत? आमच्याकडे बघा, बरणी खरवडून खातो आम्ही!"

"नितेश, गप ना," श्वेता म्हणाली. ती रडत होती. "आपला दिवाळीतच संपला. आई परत भाजायला बसतील, त्यांचे गुडघे दुखतील, म्हणून मी पाकिटातला आणून बरणीत भरत होते."

म्हणजे दिवाळीपासून मी पाकीट खात होतो! वर बोटं चाटून "आईचा हात तो आईचा हात" म्हणत होतो! शरच्चंद्रकाकांनी हसू लपवायला खोकल्याचा आधार घेतला.

मी भीत भीत आईकडे बघितलं. ती रागावली नव्हती. परातीतली एक मिरची मोडून हुंगत होती.

"माका वाटला, माझीच जीभ मेली," ती म्हणाली. "कालवण तोंडात घातलंय तरी चवच लागा नाय. तुमी सगळे झकास म्हणतास, मग कोणाक सांगू? म्हटला, आता आपला जमाचा नाय, पोरांका शिकवून मोकळी होवया."

सात-आठ महिने ती आमच्याच पानाशेजारी बसून बेचव जेवली होती आणि आम्ही मिटक्या मारत होतो. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अलार्म थांबला. "चल आई," मी म्हटलं. "वर जाऊ. राहिलेल्या मिरच्या भाजू."

"माझ्यापुरत्योच भाज," आई म्हणाली. "मूठभर पुरे."

शरच्चंद्रकाकांचा चेहरा एकदम उजळला. "मूठभराला सोसायटीची काहीच हरकत नाही!" म्हणाले, आणि उभ्या उभ्या परवानगी देऊन टाकली.