कर्णिककाकांची तालीम

गावाला जायचं असलं की आमच्या शेजारचे कर्णिककाका आदल्या दिवशी भरलेल्या बॅगा घेऊन परळहून टॅक्सीने दादर स्टेशनला जातात, इंडिकेटरखाली थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. कुंदाकाकूही प्रवासाची साडी नेसून बरोबर. "तालीम झालेली बरी," हे काकांचं ब्रीदवाक्य. जन्म गेला विमा कंपनीत, लोकांच्या अपघातांचे क्लेम तपासण्यात. दुसरं काय सुचणार? मुलीच्या लग्नाआधी मला नवरी करून त्यांनी हॉलच्या पायऱ्या उतरायला लावल्या होत्या. मी तेव्हा गरोदर होते. हॉलचा मॅनेजर माझ्या पोटाकडे आणि हातातल्या हाराकडे आळीपाळीने बघत होता.

मग काकूंना कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण रोग आणखी एके ठिकाणी पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी काकांना आणि मला समजावलं: काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये वाढवायचा, त्याच्या बारीक बारीक गाठी करायच्या, त्यांच्यावर निरनिराळी औषधं घालून बघायची. मग ती माहिती कॉम्प्युटरला देऊन काकूंच्या शरीरात काय होईल याचा अंदाज घ्यायचा.

काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आधी तालीम."

"तसंच समजा. पण तालमीत जमलं ते प्रयोगात जमेलच असं नाही हं, काका."

एवढं शेवटचं वाक्य त्यांना नको होतं.

पुढे लॅबमधल्या गाठी वाढेचनात. वाढल्या नाहीत तर औषध तपासणार कशावर? काका मला घेऊन भोईवाड्याच्या देवळात गेले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "वाढू दे रे बाबा, भरपूर वाढू दे." स्वतःच्याच शब्दांनी ते पांढरेफटक पडले. "लॅबमधल्या. फक्त लॅबमधल्या," असं देवाला पुनःपुन्हा बजावू लागले. मला हसू आलं, आणि मीही हात जोडले.

गाठी वाढल्या. एका औषधाने त्या मेल्या, कॉम्प्युटरनेही त्यालाच कौल दिला. सोमवारी पहिली सलाईन ठरली. शनिवारी सकाळी काकांनी काकूंना भायखळ्याला बहिणीकडे पाठवलं, एक दिवस आराम म्हणून.

संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले. दिवा लावलेला नव्हता. काका टेबलाशी बसले होते. समोर एक ताट, एक कप. चहावर साय धरली होती.

"हे काय चाललंय, काका?"

"तालीम," ते म्हणाले. "हिच्याशिवायची."

मला इतकी भीती वाटली की त्यांचाच राग आला.

"जमत नाही गं. सकाळपासून बघतोय. काही केल्या जमत नाही."

"नकाच जमवू. उठा, चला."

टॅक्सीत बसल्यावर पाहिलं, काका घरातल्या सपाता घालूनच निघाले होते. भायखळ्याला काकूंनीच दार उघडलं. "अहो, न्यायला उद्या येणार होतात ना?"

"हो," काका म्हणाले. "त्याचीच तालीम."

काकू त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, प्रवासाची साडी नेसल्या आणि पिशवी भरून बाहेर आल्या.