उजवा हात, फ्रेम नंबर सतरा

आमच्या आईला, म्हणजे साळूबाईला, तिन्ही मुलांबरोबर एक फोटो हवा होता. मागणी साधी होती, म्हणूनच ती माझ्याकडे यायला नको होती. मी नाशिकच्या संथ छायाचित्रण मंडळाचा सरचिटणीस आहे.

मंडळात बारा सभासद आणि एकोणीस कॅमेरे आहेत. सगळे रीळ घालायचे जुने रेंजफाइंडर, वयाने बहुतेक सभासदांहून मोठे. या कॅमेऱ्यात भिंगातून काही दिसत नाही. शेजारच्या एका छोट्या खिडकीतून बघायचं. खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. कडी फिरवून त्या एकमेकींवर बरोबर बसल्या, की शटर दाबायचं. तो हलकासा टिक् आवाज ऐकला की मला अक्षरशः भरून येतं. दर रविवारी कॉलेज रोडवरच्या कॅफेत जमून आम्ही एकमेकांच्या कॅमेऱ्यांचे फोटो काढतो. ते मात्र मोबाईलने, कारण ते चांगले येतात.

माझे थोरले भाऊ खंडेराव आणि मधले पुंजा चांदवडला शेजारीशेजारी राहतात. कांदाचाळीच्या पत्र्यावरचं पाणी कुणाच्या वावरात पडावं, यावरून त्यांचा अकरा वर्षं अबोला होता. आई ब्याऐंशीची. ती म्हणाली, "एकदा तिघं माझ्यापाशी बसा. येवढा फोटो झाला की मी जायला मोकळी."

"मोबाईलवर काढा, दोन मिनिटांत होईल," माझी बायको उज्वला म्हणाली.

"दोन मिनिटांत झालेल्या गोष्टीला मोल नसतं."

"मग चहाला दोन मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर का घेता?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने मी त्याला उत्तर दिलं नाही.

कार्यकारिणीने तातडीची बैठक घेऊन ठराव केला की, सदर प्रसंगी मंडळाने सहकुटुंब उपस्थित राहावे व मोबाईल पूर्णतः वर्ज्य असावा. त्यानुसार आईच्या अंगणात सगळ्यांचे फोन कांद्याच्या पाटीत जमा करून वर गोणपाट टाकण्यात आलं. अध्यक्ष धनराज सरांनी पाटीशेजारी खुर्ची मांडली.

दोन्ही भाऊ आले. आईने कशी गळ घातली ते तिचं तिला ठाऊक. दोघं तिच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसले. मी स्वतः फोटोत असणार होतो, म्हणून कॅमेरा तिपाईवर चढवला, पाऊण तास कडी फिरवली, टायमर लावून पळत जाऊन आईच्या पायाशी बसलो. ही पळापळ छत्तीस वेळा. दहाव्या फेरीला पुंजादादा हसला. पंधराव्या फेरीला मी धडपडलो तेव्हा खंडेरावदादा म्हणाला, "पुंजा, ह्याला उचल रे." अकरा वर्षांनी! सतराव्या फेरीला आईने उजवा हात एकाच्या खांद्यावर टाकला आणि मला तिथेच रडू आलं.

मध्येच ती म्हणाली, "आरं किशोर, त्याच्या डोळ्यावर टोपण हाय का रं?"

"आई, हालू नको. जुनी काच अशीच काळी असते."

बाराही सभासदांनी माना डोलावल्या.

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि पाच आठवड्यांनी परत आलं. रीळ कोरं होतं आणि छत्तीस प्रिंट काळेकुट्ट. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं होतं.

मंडळाने चौकशी समिती नेमली. निष्कर्ष असा निघाला की, सात सभासदांनी झाकण पाहिलं होतं. तिघांना तो नवा फिल्टर वाटला, तिघांना माझं तंत्र वाटलं, आणि धनराज सरांनी पुढच्या वेळी आपणही असंच करावं म्हणून वहीत नोंद केली होती. झाकण सुस्थितीत असून त्याने आपलं काम चोख बजावलं, असा शेराही समितीने मारला. दोषी कुणीच नव्हतं.

तोवर चांदवडला नवं प्रकरण पेटलं. आईचा उजवा हात कुणाच्या खांद्यावर होता? खंडेरावदादा म्हणे माझ्या, पुंजादादा म्हणे माझ्या. दोघांचे दिवसाला चार फोन. "फोटो दाखव, म्हंजे त्याचं तोंड बंद होईल!"

अशा वेळी कोणताही सरचिटणीस जे करील तेच मी केलं. सतरा नंबरच्या काळ्या प्रिंटच्या प्रती काढल्या आणि प्रत्येकीच्या मागे टाइप केलं: 'प्रमाणित करण्यात येते की, सदर छायाचित्रात मातोश्री व त्यांचे तीन मुलगे विद्यमान असून मातोश्रींचा उजवा हात योग्य खांद्यावर आहे.' खाली सही, वर मंडळाचा गोल शिक्का.

खंडेरावदादाने प्रिंट बराच वेळ न्याहाळला. "लय जुना कॅमेरा हाय, नीट बघाया लागतं," तो म्हणाला. "पण हात माझ्याच खांद्यावर हाय." संध्याकाळी पुंजादादानेही नीट बघितलं आणि तोही खूश झाला. दोघांनी चौकटी करून भिंतीवर लावल्या.

आईने तिची प्रत दाराच्या उजेडात धरली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"खंडू हाय म्हनतोस, पुंजा हाय म्हनतोस. मंग मी कुठं हाय?"

"मधोमध, आई."

"आरं, मला काय दिसत नाय." तिने प्रत माझ्या हातात दिली. "त्यास्नी परत बोलव. मोबाईलवर काढ, पन काढ."

मी दोघांना फोन केला. ते आले नाहीत. एकदा झालाय ना फोटो, तोही सहीशिक्क्याचा, मग परत त्या माणसाशेजारी कशाला बसायचं, असं दोघांनीही शब्दशः सारखंच सांगितलं. आई अजून दर रविवारी विचारते, कधी येतायत?

तुम्ही हसताय, हसा. हसून झालं की तुमचा फोन काढा. त्यात अकरा हजार फोटो तरी असतील. वीजबिलं, पार्किंगमधल्या खांबांचे नंबर, सणासुदीच्या शुभेच्छा आणि हॉटेलातल्या ताटल्या ओलांडून त्यात तुमच्या आईबरोबरचा तुमचा एक फोटो शोधा. सावकाश शोधा. आमच्या मंडळाला वाट बघायची सवय आहे.