डाव्या बाजूनं

मोहाडीच्या बाजारात माधोकाकांबरोबर जायची मला लाज वाटायची. वाटेत बकरी बांधलेली दिसली, की हा माणूस तिला पुरता वळसा घालून डाव्या बाजूला जातो, हात पुढे धरून दाखवतो आणि मगच पुढे सरकतो. मागे मोटारसायकली खोळंबतात. लोक माझ्याकडे बघतात. पोळ्याला बैल दारात आला, तर आरतीचं ताट घेतलेल्या माझ्या बायकोलाही ते बैलाभोवती फिरवतात. "उजवीकडून काहून येतेस बाई? त्याले हात दिसला पाहिजे." बैलाला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, हे त्यांना कोण सांगणार?

काका आमचे शेजारी. निवृत्त होईपर्यंत नोकरी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, ससे सांभाळायची. तापानंतर ओठावर ज्यानं पुळ्या येतात, तो हर्पीसचा विषाणू कधी डोळ्यातही जातो. तिथं त्याची औषधं सशांवर वापरून बघत. विषाणू उजव्या डोळ्यात सोडायचा, डावा चांगला ठेवायचा. ससा धरायचं काम काकांचं. एवढंच सांगतात. पुढचं विचारलं, की चहा ठेवायला उठतात, हातात भरलेला कप असला तरी.

यंदा हिवाळ्यात काकांचाच उजवा डोळा लाल झाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तोच रोग सांगितला, मलम दिलं, आणि हयगय केली तर नजर जाईल असं बजावलं. रोज विचारलं, की काका म्हणायचे, "लावतो ना, घाई कायची?" एके दिवशी फळीवर पाहिलं तर मलमाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

मी भडकलो. "काका, डोळा जाईन ना तुमचा."

ते खाटेवर मान खाली घालून बसले. "मले लाज वाटते गा. हे औषध त्या सशाईच्या डोळ्यातून आलं. माह्या हाताचा वास आला का ते चूप बसत. अन् मी धरून ठेवत होतो."

"मंग आता वाया घालवता ते?"

ते उठले, फळीवरून मलम घेऊन पुन्हा खाटेवर बसले. मग ते माझ्या हातात दिलं.

मी टोपण काढून घाईनं उजवीकडूनच गेलो. काका दचकले, माझं मनगट घट्ट धरलं. त्या डोळ्याला आता नुसतं धुकं दिसत होतं.

"इकडून नाही गा," ते हळू आवाजात म्हणाले. "भेव वाटते."

बाजारातली लाज आठवून मी मनातून ओशाळलो. खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला आलो आणि हात पुढे धरला. काकांनी तो नीट पाहिला, मग मान वर केली.