कोर्स चालून आलेले काका

रामटेके काकांना कुठंही जायचं असलं की ते आदल्या दिवशी एकदा तिथं जाऊन येतात.

दातांच्या डॉक्टरकडची वेळ मंगळवारची असेल, तर काका सोमवारी तिथला जिना चढतात, बाकावर बसून बघतात, कंपाउंडरला नमस्कार करतात आणि तोंड न उघडता परत येतात. नागपूरची गाडी पकडायची असली की आदल्या दिवशी लखनौच्या चारबाग स्टेशनच्या फलाटावर फेरी ठरलेली. एकदा हमालानं विचारलं, "बाबूजी, सामान?" काका म्हणाले, "सामान कल आएगा. आज सिर्फ हम आए हैं."

एका लग्नाला असेच आदल्या दिवशी गेले, तर हॉलमध्ये दुसऱ्याच कुणाचं लग्न लागत होतं. काका जेवून आले. "कोर्स चांगला आहे," संध्याकाळी मला म्हणाले. "फक्त पनीरपाशी गर्दी होते. तिथं वळण मोठं घ्या लागते."

कोर्स म्हणजे काय ते सांगायला हवं. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झाले आणि लखनौतच, तेलीबागेत, आमच्या शेजारी घर बांधून राहिले. उभा जन्म त्यांनी शो जंपिंगमध्ये काढला. मैदानात रंगीत खांबांचे अडथळे मांडतात, त्यांवरून घोडा उडवायचा. खांब पडला, चार फॉल्ट. घोडा अडून उभा राहिला तर ते रिफ्युजल, त्याचेही चार. आणि स्पर्धेआधी सगळे स्वार तो मार्ग पायी चालून बघतात. याला कोर्स चालणं म्हणतात. घोड्याला मात्र काही दाखवत नाहीत. त्याला सगळं नवं.

"मग तो उडी मारतो कसा?" मी एकदा विचारलं होतं.

"पाठीवरच्याले ठाऊक असते ना," काका म्हणाले. "त्याच्या भरवशावर मारते."

निवृत्तीनंतर मैदान सुटलं, पण फॉल्ट सुटले नाहीत. स्कूटर सुरू झाली नाही की रिफ्युजल. चहा बशीत सांडला की चार. आमच्या गल्लीत सर्वांत जास्त फॉल्ट अर्थातच माझ्या नावावर आहेत. मी इथल्या एका संशोधन संस्थेत आंब्यावरच्या किडीचा अभ्यास करतो, म्हणून काका मला डॉक्टर म्हणतात. त्या शब्दात आदर किती आणि कीड किती, हे मला अजून कळलेलं नाही.

याच काकांच्या नादानं मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर बसलो. त्यांचा एक जुना शिष्य छावणीपलीकडं घोडेस्वारी शिकवतो. तिथल्या बेगम नावाच्या घोडीवर त्यांनी मला चढवलं. दुसऱ्याच आठवड्यात गुडघ्याएवढा एक खांब मांडला. "खांबाकडं पाहू नको, पलीकडं पाह्य," काका ओरडले. मी पलीकडं पाहिलं. बेगमनं माझ्याकडं पाहिलं असावं, कारण ती ऐन खांबापाशी थांबली आणि मी एकटाच पलीकडं गेलो.

मातीतून मान वर केली तेव्हा काका शेजारी उभे होते. "खांब पडला नाही, डॉक्टर. तुझी उडी साफ. घोडीले चार." एवढं बोलून ते बेगमकडं गेले आणि तिची मान त्यांनी दोनदा हलकेच थोपटली. साफ उडीनंतर ते असंच थोपटतात म्हणे. साफ उडी माझी होती, थोपटलं घोडीला. माझी मान तशीच राहिली.

काकूंचं आणि त्यांचं मात्र उलटं. शांताकाकू चालतात भरभर, एका हाताची बोटं काकांच्या कोपरावर टेकवून. काका अर्धं पाऊल पुढं आणि तोंडानं अखंड पुटपुट, "डावं वळण... आता उंचवटा... आता सपाट." जुनी सवय, दुसरं काय! "काकू स्वार आणि काका घोडा," असं मी गल्लीत सगळ्यांना सांगत असे. लोक हसत. काकूही हसत.

बुद्धपौर्णिमेला तेलीबागेच्या बारातघरात, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयात, आम्हां मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो. काकू लखनौत आल्या त्या वर्षापासून वंदनेची सुरुवात त्याच करतात. त्यांचा आवाज लागला की मागच्या रांगेत मोबाइल बघणारी, घरी आईला हिंदीतून उत्तरं देणारी पोरंसुद्धा मराठीत गप्प बसतात. यंदा मंडपाची व्यवस्था माझ्याकडं होती. आदल्या संध्याकाळी काका येऊन फाटकापासून मंचापर्यंत चालून गेले, लाकडी पायऱ्यांवर चढले, उतरले. "पक्कं?" मला विचारलं.

"पक्कं, काका."

सकाळी मे महिन्यानं डोकं वर काढलं आणि मंडपवाला म्हणाला, "भाईसाहब, कूलर का तार उधर तक नहीं जाएगा. सीढ़ी इधर खिसका लें?" मी म्हटलं, खिसका लो. पायऱ्या डावीकडून उजवीकडं गेल्या, त्यांच्या जागी कूलर आला. दोन मिनिटांत निर्णय! साहेबपण अंगात असतं ते असं.

दहाच्या सुमारास काका-काकू आले. काकूंचं पांढरं पातळ, बोटं कोपरावर, चाल नेहमीचीच भरभर. काका पुटपुटत मंचापाशी आले आणि कूलरसमोर खिळल्यासारखे उभे राहिले. माइक माझ्या हातात होता. माणसाच्या हातात माइक आला की काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. मी म्हणालो, "आणि रामटेके काकांचं रिफ्युजल! चार फॉल्ट!"

हॉल हसला. काका हसले नाहीत. काकूंना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवून ते माझ्यापाशी आले, माइकवर हात ठेवला.

"कोर्स कोणी बदलला?"

"काका, पायऱ्या तर नुसत्या या अंगाच्या त्या अंगाला..."

"चालून झाल्यावर खांब हलवत नसतात, डॉक्टर." मग आवाज आणखी खाली. "तिले दिसत नाही."

मी माइकचं बटण बंद केलं.

"उजेड दिसते. रंग दिसते. पायरी दिसत नाही. डोळ्याचा डॉक्टर म्हणते, आता एवढंच राहील. कोणाले बोलू नको. चार बाया हात धरायले धावल्या ना, तर ती पुढच्या वर्षी इथं चढणार नाही. मी ओळखतो तिले." त्यांनी नव्या पायऱ्यांकडं पाहिलं. "तू बस तिच्याजवळ. बोलत राह्य. मी चष्मा विसरलो म्हणून सांग."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी काकूंशेजारी जाऊन बसलो. "काका चष्मा विसरले," मी सांगितलं.

"कोर्स चालायले गेले असतील," काकू म्हणाल्या.

किडीच्या डॉक्टरला अशा वेळी काय बोलायचं ते शिकवत नाहीत. मी म्हणालो, "काकांचं ते आपलं खूळच आहे. दातवाल्याकडंसुद्धा..."

"दात कोणाचे दुखत होते, बाबू? त्यांचे तर ऊस सोलतात अजून." काकूंचा चेहरा कूलरच्या वाऱ्याकडं होता. "त्यांना वाटते, मले काही ठाऊक नाही. आदल्या दिवशी कुठं जाऊन येतात, कशाले जातात. मीही विचारत नाही. फक्त चालताना थबकत नाही. मी थबकली की त्यांचं कोपर थरथरते."

चारबाग, लग्नाचा हॉल, पनीरपाशी मोठं वळण. त्या सगळ्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी काकू बरोबर असायच्या. गल्लीभर सांगितलेला माझा विनोद मला त्या खुर्चीत टोचायला लागला. तेवढ्यात काका आले. "चल," म्हणाले.

काकू उठल्या. बोटं कोपरावर गेली. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो, मग काकांचं वाक्य आठवलं आणि पलीकडं, मंचावर बघायला लागलो. "उजवं वळण... आता चढ... अजून एक... सपाट." मध्ये कुठंही थांबणं नाही. काकू माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज लागला. मागच्या रांगेतले मोबाइल खाली गेले. काका पायऱ्यांपाशी उभे होते, ओठ अजून हलत होते. उतरायचा कोर्स म्हणत असावेत.

वंदना संपली. काकूंची उतरायची वाट मोकळी करावी, या उत्साहात मी कूलर सरकवायला धावलो, वायरीत पाय अडकला आणि सतरंजीवर सपशेल पसरलो. कूलर बंद पडला.

"कोण पडलं?" वरून काकूंनी विचारलं.

"डॉक्टर," काका म्हणाले. "चार."

मी खालीच होतो, म्हणून पुढचं फक्त मला दिसलं. शेवटची पायरी उतरून काकूंचे पाय सतरंजीला लागले. त्यांची बोटं कोपरावरून निघाली, चाचपडत वर गेली आणि काकांची मान त्यांनी दोनदा हलकेच थोपटली.

काकांनी मान थोडी खाली केली.