तीन आठवडे दारात उभा असलेला वकील

मंगळवारी संध्याकाळी आई आवाज बंद करून कोरियन मालिका बघत होती आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची लेक लाल पेनाने एका कादंबरीचा जीव घेत होती. हे रोजचंच होतं. लेक एका प्रकाशन संस्थेत आलेली हस्तलिखितं वाचून त्यांतले दोष काढायची. तिथे तिला पाठीमागे सगळे ‘कात्री’ म्हणत, आणि हल्ली तोंडावरही म्हणू लागले होते. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची. कात्रीला वाचताना आवाज खपत नसे, म्हणून मालिका मुकी. पडद्याच्या तळाशी भाषांतराच्या ओळी यायच्या, पण इतक्या बारीक आणि इतक्या घाईत, की आईचा चष्मा पहिल्या शब्दापाशी पोहोचेपर्यंत ओळ पसार झालेली असायची. आईचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

“आज काळा कोट घालून आलाय बघ,” आई म्हणाली. “काळा कोट घातला की याचं काहीतरी बिनसतं.”

“हं.”

“आणि त्या बाईनं खिडकी लावून घेतली. का लावली असेल गं?”

“थंडी असेल.”

“छे! राग आहे तो. थंडीत माणूस खिडकी एवढी आपटत नाही.”

आवाज बंद असताना हिला आपटल्याचं कसं कळलं, हे लेकीच्या लक्षात आलं नाही. तिने एक अख्खा परिच्छेद खोडला.

“तुला काय वाटतं, पुढे काय होईल?” आईने विचारलं.

“रडतील,” लेक मान वर न करता म्हणाली. “सोळा भाग रडतील आणि शेवटी एका छत्रीखाली उभे राहतील. आई, मला हे उद्या द्यायचंय. नंतर बोलू या.”

“बरं, नंतर,” आई म्हणाली, आणि जराही न दुखावता खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढून बसली.

बुधवारी सकाळी अकरा वाजता लेकीला ऑफिसात फोन आला. आई कामावर, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर ‘जरा टेकते’ म्हणून बसली होती. ती उठली नाही.

तीन आठवड्यांनी लेक आईच्या कपाटातलं सामान आणायला लॉन्ड्रीत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लॉन्ड्री तळघरात होती. एका भिंतीला माणूस मावेल एवढी धुलाईची यंत्रं घुमत होती, आणि मधोमध एक लांबलचक गरम रोलर धडधडत होता. एका बाजूने त्यात ओली चादर जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक, वाफाळती बाहेर यायची. ती दोघींनी चारी टोकांनी धरायची, ताणायची, चार पावलं एकमेकींकडे यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा चार पावलं मागे. आईची जोडीदारीण म्हणजे एक ताडमाड उंच बाई. तिला सगळे जिराफबाई म्हणत आणि ती ओ देत असे. रोलरमध्ये चादरी सरकवणारी वाफवाली तिच्या निम्मी होती, पण आवाज दुप्पट. शिवाय हातात चिमट्याने कागद अडकवलेली पाटी घेतलेले सुपरवायझर.

कपाटात एक स्वेटर, एक कंगवा आणि चपलांचा जोड निघाला. सगळं एका पिशवीत मावलं. लेक “येते” म्हणून वळली, तेवढ्यात जिराफबाई खाकरली.

“एक विचारायचं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस हं.”

“विचारा ना मावशी.”

“त्याचं काय झालं?”

“कुणाचं?”

“अगं, वकिलाचं!”

लेक बघतच राहिली. वाफवालीने रोलर बंद केला. हा रोलर म्हणे ड्यूटीच्या वेळात फक्त वीज गेली तरच बंद पडायचा.

“तुझी आई आम्हाला रोज मालिका सांगायची,” वाफवाली म्हणाली. “सकाळच्या ढिगाला अर्धा भाग, दुपारच्या ढिगाला अर्धा. तो वकील पुलावरून पडला, त्याची आठवण गेली—”

“आणि डोक्याला मार लागल्यामुळे त्याला पाचशे वर्षांपूर्वीचं आठवायला लागलं,” जिराफबाईने पुढे नेलं. “तेव्हा तो राजवाड्यावर रक्षक होता. काही माणसांना मार लागला की तेवढंच मागचं आठवतं.”

“पत्र राहिलं,” सुपरवायझर पाटीआडून म्हणाले. “कोटाच्या अस्तरात शिवलेलं.”

“हो, ते पत्र! तर कोट गेला लॉन्ड्रीत, लॉन्ड्रीवालीनं अस्तर उसवलं, पत्रातून कळलं की त्याची आई जिवंत आहे. वीस वर्षं ती त्याची वाट बघतेय. हा गेला शोधत शोधत. घर सापडलं. दारावर हात ठेवला...” वाफवालीने श्वास घेतला. “आणि तुझी आई म्हणाली, बाकी दुपारी.”



“तीन आठवडे झाले, तो दारातच उभा आहे,” जिराफबाई म्हणाली. “पाय दुखले असतील गं त्याचे.”

कुणाचं अर्धवट राहिलेलं हस्तलिखित बघून जी बाई तुच्छतेने नाक मुरडायची, ती त्या क्षणी म्हणाली, “मी बघते आणि शुक्रवारी येऊन सांगते.”

घरी आल्यावर कात्रीने मालिका शोधायला घेतली आणि तिच्या लक्षात आलं, की जगाच्या पाठीवर अशी मालिका नाही. पुलावरून पडणारा वकील होता. राजवाड्यावरचा रक्षकही होता. पण ते एकाच नटाने केलेल्या दोन वेगळ्या मालिकांमध्ये होते, आणि चॅनेल त्या रोज संध्याकाळी एकीला लागून एक दाखवायचं. आईने आवाज बंद करून दोन्ही बघितल्या होत्या, चेहरा तोच म्हणून माणूसही तोच धरला होता, आणि मधली पाचशे वर्षं एका डोक्याच्या जखमेत बसवून टाकली होती.

लेकीने रजा टाकली आणि दोन्ही मालिका फोनवर, पहिल्या भागापासून, आवाजासकट बघायला बसली. नायकाच्या आईचा पत्ता लागेना. एका मालिकेत ती पहिल्या भागाआधीच वारलेली होती, दुसरीत तिचं नावही कुणी काढत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज टीव्ही लावला, तेव्हा ती सापडली. दोन मालिकांच्या मधल्या साबणाच्या जाहिरातीत. पांढऱ्या केसांची एक बाई दार उघडते, बाहेर मळक्या शर्टातला मुलगा उभा असतो, बाई हसते. वीस सेकंद. पत्र दोन्ही मालिकांत कुठेच नव्हतं. लॉन्ड्रीवाली तर नव्हतीच नव्हती.

गुरुवारी संपादकसाहेबांचा फोन आला.

“कात्री, आवाज बसलाय तुझा. रडत होतीस? रड, मोकळी हो. आई म्हणजे शेवटी—”

“आईसाठी नाही सर,” ती हुंदका आवरत म्हणाली. “त्या रक्षकाला विष घातलं. त्याच्याच माणसांनी.”



“आणखी चार दिवस रजा घे,” साहेब म्हणाले.

त्यांना काय माहीत, की तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच रडत होती.

पण रडून शुक्रवार टळणार नव्हता. खरं सांगितलं, तर त्या बायका हसणार. म्हणणार, बिचारी, तिला दोन मालिकांतला फरक कळला नाही, साबणाच्या जाहिरातीतून आई आणली तिनं वकिलाला. ज्या खोलीत आईने इतकी वर्षं ताठ मानेने काम केलं, तिथे तिचं हसं होणार. ते लेकीला मंजूर नव्हतं. म्हणून आयुष्यभर इतरांचे शेवट खोडणाऱ्या बाईने स्वतः एक शेवट लिहायला घेतला. सात वेळा लिहिला. सातवा तिला बरा वाटला.

शुक्रवारी ती लॉन्ड्रीत गेली. सुपरवायझरांनी तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं.

“तर,” लेक घसा साफ करून म्हणाली, “त्यानं दार ढकललं. आत कुणीच नव्हतं.”

“कुठे गेली होती?” वाफवालीने विचारलं.

“कुठे नाही. घर रिकामं होतं. कोपऱ्यात एक खुर्ची, आणि खुर्चीवर ऊन.”

“बरं. आणि ती केव्हा येते?”

“येत नाही. शेवट तिथेच होतो. ते सूचक आहे.”

“काय सुचवतं?” जिराफबाईने सरळ विचारलं.

“हेच की... काळ निघून गेला.”

“काळ गेला ते आम्हाला कशाला सांगतेस? वीस वर्षं आम्हीच मोजलीत ती. म्हातारी कुठे गेली, ते बोल.”

म्हातारी गावाला गेली होती, असं लेकीने सांगून पाहिलं. मग पत्रात तारखेसकट ‘मी वाट बघतेय’ का लिहिलं होतं, असं सुपरवायझरांनी पाटी खाली ठेवून विचारलं. पत्र पुलावरून पडताना भिजलं, तारीख पुसली गेली, असं तिने म्हटलं. त्यावर वाफवालीने रोलर बंद केला.

“पत्र कोटात होतं, आणि कोट लॉन्ड्रीत होता. पडला तेव्हा त्याच्या अंगात निळा स्वेटर होता. तुझ्या आईनं स्वतः सांगितलंय.”

“स्वेटर नव्हता,” लेक चिडून म्हणाली. “मी दोनदा बघितलंय, त्याच्या अंगात रेनकोट होता!”

“त्या मालिकेत रेनकोट,” वाफवाली म्हणाली. “इथे स्वेटर.”

पण लेक ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. तिने स्टूल सोडलं.

“मावशी, अशी मालिकाच नाही,” ती म्हणाली. “दोन आहेत. वकील एका मालिकेतला, रक्षक दुसरीतला. नट एकच, म्हणून आईची गल्लत झाली. पत्र नाही, लॉन्ड्रीवाली नाही. आणि ती म्हातारी... आवाज माझ्यामुळे बंद असायचा. तिला खालचं वाचता येत नव्हतं आणि मी तिला वाचून दाखवलं नाही. तिला हसू नका. हसायचंच असेल तर मला हसा.”

जिराफबाईने वाफवालीकडे बघितलं. वाफवालीने सुपरवायझरांकडे.

“ती म्हातारी साबणाच्या जाहिरातीतली,” जिराफबाई शांतपणे म्हणाली. “माझ्या नातीनं पहिल्याच दिवशी ओळखली.”

“म्हणजे? तुम्हाला...”

“अगं, आमच्या घरी काय टीव्ही नाहीत? दोन्ही मालिका आम्ही रोज बघायचो. तीन आठवड्यांत संपल्यासुद्धा, आता पुन्हा पहिल्यापासून दाखवतायत.”

“कंटाळवाण्या,” वाफवाली म्हणाली. “अकरा भाग झाले तरी तो वकील त्या पोरीचा हात धरेना. तुझ्या आईनं तिसऱ्या दिवशी धरायला लावला. भर रस्त्यात.”

“मग तिला सांगितलं का नाही कुणी?”

“मी सांगितलं होतं,” सुपरवायझर म्हणाले. “म्हटलं, बाई, या दोन निराळ्या मालिका आहेत. तर मला म्हणाल्या, ठाऊक आहे साहेब. पण एवढा देखणा माणूस, त्याला एका गोष्टीत कसं भागेल?”

लेक पुन्हा स्टुलावर बसली. आईला ठाऊक होतं. जी बाई हात धुतलेले असल्याशिवाय तिच्या कागदांना हात लावत नसे, तिने दोन परक्या मालिका रोज सकाळी उसवून, त्यांत एक लॉन्ड्री घालून, नव्याने शिवल्या होत्या.

“मग मला शेवट कशाला विचारलात?”

“मालिकेचा कुठे विचारला? तिनं काय ठरवलं होतं, ते विचारलं. आम्हाला वाटलं, तुला सांगितलं असेल. कुठे अडली की म्हणायची, घरी लेकीला विचारते. ती मोठी पुस्तकवाली आहे. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायची, हे माझ्या लेकीनं सुचवलं. ते अस्तरातलं पत्र तुझंच ना?”

“नाही,” लेक म्हणाली.

“आणि खिडकी आपटली ते? थंडी नाही, राग आहे म्हणून?”

“तेही नाही.”

रोलर पुन्हा धडधडू लागला. चादर बाहेर आली आणि जिराफबाईने तिची दोन टोकं धरली. उरलेली दोन लोंबत राहिली. लेकीने ती उचलली. ताणायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या झटक्यात चादर तिच्या हातातून सुटली. दुसऱ्या वेळी नाही सुटली.

“आता याला आत तरी ने,” जिराफबाई म्हणाली. “आमच्याच्यानं बघवत नाही.”

लेक चार पावलं पुढे आली. टोकं जुळवताना तिने म्हटलं, “दार उघडलं. म्हातारी समोरच उभी होती.”

“हां. मग?”

“तिनं त्याच्याकडे बघितलं. वर, खाली. वीस वर्षांनी.” लेक चार पावलं मागे गेली. “आणि म्हणाली, ‘किती वाळलास. आधी जेवून घे.’”

वाफवालीने डोळ्यांना पदर... छे, पदर कसला, ओला अभ्राच लावला. सुपरवायझर पाटीवर काहीही न लिहिता पेन चालवत राहिले.

“हे बरोबर!” जिराफबाई म्हणाली. “बघ, तुलाही येतं. अगदी आईसारखं.”

“नाही,” लेक म्हणाली.

“काय? मोठ्यानं बोल, रोलरपुढे ऐकू येत नाही.”

लेकीने चादर छातीशी धरली, आणि जिला वाचताना आवाज खपत नसे, ती त्या धडधडाटाच्या वर ओरडून म्हणाली, “नाही म्हटलं! मी एकही गोष्ट सुचवली नव्हती, सगळी तिचीच होती! पंधरा वर्षं मी लोकांची हस्तलिखितं वाचतेय मावशी, माझ्या आईच्या तोडीचं एकही आलं नाही! आणि हे मी तिला एकदाही सांगितलं नाही!”