चित्रयंत्राची मूठ आणि थोरल्या हाताचा साचा

श्री. उजेडास वंदन, आणि उजेड अडवून आकार दाखविणाऱ्या सावलीस त्याहून किंचित अधिक वंदन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी एका राज्याच्या चित्रशाळेत काळ्या रंगाचे एक चित्रयंत्र होते, आणि त्या यंत्राच्या पाठीवर, उजव्या कडेपासून अर्धे बोट आत, काळा रंग झिजून खालचे पितळ उघडे पडले होते, ते एका जवाएवढे. आणि त्या डागाखाली दीड बोटावर दुसरा डाग नव्याने पडू लागला होता, तो अद्याप तिळाएवढा. पहिला डाग सर्वांस ठाऊक होता. अंगठा रोज टेकतो तेथे रंग जातो, हे जाणून मंडळी त्यास सेवेचा शिक्का म्हणत. दुसरा डाग ठाऊक असणारे मनुष्य राज्यात एकच, ते चित्रनवीस चिमाबाई. बाईंचे वय अठ्ठावन्न, बोलणे मोजके, भिंगांच्या कपाटाची किल्ली सदा कमरेला. त्यांनी दोन्ही डाग कंपासाने मोजिले, वहीत आकृती काढिली, आणि अनुमान लिहिले की अंगठा पहिल्या जागी टिकत नाही, कळ दाबते वेळी घसरून खाली येतो. मग वही मिटिली आणि कोणास काही सांगितले नाही. अनुमान चुकले असते तर सांगितले असते.

हे यंत्र कोणत्या जातीचे, ते प्रथम लिहिणे प्राप्त आहे. यात भिंगातून पाहणे नाही. माथ्याशी एक मोठा झरोका, त्यातून पाहावे, आणि शेजारी मसुरेएवढा दुसरा झरोका, त्यातून त्याच मनुष्याची दुसरी फिकट प्रतिमा आत येते, आणि भिंगाचे कडे फिरवीत गेले की ती फिकट प्रतिमा सरकत सरकत पहिलीवर जाऊन बसते. दोहोंचे एक झाले की अंतर बरोबर जुळले ऐसे समजून कळ दाबावी. पोटात फिल्म नाही, बॅटरी आणि कार्ड आहे, आणि त्यांची वाट तळाच्या झाकणातून. अंग मात्र साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत, धरावयास उंचवटा म्हणून कोठे नाही. चिमाबाईंनी ते तेवीस वर्षांच्या सेवेतील शेवटली नऊ वर्षे नुसत्या हाताने धरिले आणि कधी थरथर येऊ दिली नाही. परंतु शके त्रेचाळिसाचे श्रावणात डोंगरी किल्ल्याच्या तटाची चित्रे घेण्यास गेल्या असता ओल्या पायरीवरून पाय निसटला, आणि बाईंनी यंत्र पोटाशी धरून स्वतःस पडू दिले. यंत्रास ओरखडा नाही. उजवा अंगठा मात्र मागे वाकला. वैद्यांनी लेप दिला, सूज उतरली आणि जोर गेला तो गेलाच. तेव्हापासून बाई लोणच्याची बरणी डाव्या हाताने उघडू लागल्या, आणि घरी कोणी पाहिले तर म्हणत, झाकणच उलट्या आट्याचे आहे.

आता त्या राज्याचा रिवाज ऐसा की दर वर्षी दिवाळीच्या पाडव्यास सकाळी सारा दरबार वाड्याच्या पायऱ्यांवर उभा राहतो आणि चित्रनवीस तसबीर घेतात, ती वर्षभर सदरेत टांगली जाते. त्रेचाळिसाचे तसबिरीत यंत्र हलले आणि श्रीमंतांस तीन मिशा आल्या. श्रीमंत हसले आणि म्हणाले, भारदस्त दिसते. चव्वेचाळिसाचे तसबिरीत दिवाण गणोपंतांस दोन पगड्या आल्या, एक दुसरीतून उगवल्यासारखी. पंत हसले नाहीत. पंतांनी जुनी दप्तरे काढविली आणि नेम दाखविला की लागोपाठ तीन तसबिरी हलल्या तर चित्रनवीशी खालसा व्हावी. आणि मग सदरेत येऊन गोड आवाजात म्हणाले, "चिमाबाई, यात तुमचा अपमान नाही. तिवईवर यंत्र बसवू, अर्ध्या पळाने आपोआप कळ दाबली जाते म्हणतात. तिवईस हात नाहीत, म्हणून तिचा हात हलत नाही."

चिमाबाई म्हणाल्या, "तिवईस डोळेही नाहीत, पंत."

"डोळे लागतात कशास? आम्ही उभे असतोच समोर."

तेव्हा श्रीमंतांनी पुसले की बाई, थरथर येते ती कशाने, आणि सारी सदर बाईंकडे पाहू लागली. त्या एका क्षणी बाईंच्या मनात वहीतील आकृती आली, दोन्ही डागांसह, आणि तेवीस वर्षांची सेवा आली, आणि पंतांची तिवई आली, आणि बाई म्हणाल्या, "स्वामी, यंत्र गुळगुळीत आहे. घसरते." हे वाक्य खोटे नव्हते. सगळे खरेही नव्हते. श्रीमंतांनी लगेच आज्ञा केली की यंत्रास मूठ करावी, आणि जे जे धरण्यास उपयोगी ते ते पाहून एक निवडावे.

त्या राज्यात मूठ करणे म्हणजे काय, हे परक्या वाचकास कळणार नाही. श्रीमंतांचे पणजोबा, ज्यांस थोरले महाराज म्हणत, त्यांचा हात एवढा मोठा की असोला नारळ एका पंजात मावे आणि बोटे पलीकडे भेटत. त्यांच्या हाताचा पितळी साचा कारखान्यात देव्हाऱ्याशेजारी ठेविला होता, आणि राज्यात जी मूठ होईल ती त्या साच्याच्या मापाने, ऐसा नेम होता. पळी असो, छत्री असो, कुदळ असो. मग घरोघरी लोक दार लावून मुठी कानशीने घासून बारीक करीत, आणि दरबारात येताना न घासलेली छत्री घेऊन येत. खुद्द श्रीमंतांचा हात नाजूक. तलवार धरावयाची तर दोन्ही हात लागत, आणि भाट त्यास दुहेरी पराक्रम म्हणत. कोणी कोणास बोलत नसे.

मग कारागीर बोलाविले. सटवोजी सुताराने शिसवीची मूठ केली, ती तळाच्या झाकणास तीन स्क्रूंनी बसे. धोंडजी तांबटाने अंगठ्यासाठी पितळी टेकू केला, तो यंत्राच्या माथ्यावरील खाचेत सरकवून मागे वळविलेला, जेणेकरून अंगठ्यास रेलता यावे, आणि कळीवर एक फुगीर टिकलीही बसविली. राणोजी जिनगराने मात्र साच्याकडे पाहिलेच नाही. तो चिमाबाईंच्या चित्रशाळेत गेला, उंबऱ्याशी बसला आणि म्हणाला, "आक्का, हात बघू द्या."

बाई म्हणाल्या, "साचा आहे ना कारखान्यात."

"साचा घोडं न्हाई चालवत. मी खोगीर बेततो तवा आधी जनावराच्या पाठीवरून तळवा फिरवतो. कुठं दुखतंय ते पाठ सांगती."

"मला कामे आहेत, राणोजी," म्हणून बाईंनी उजवा हात पदराखाली नेला, आणि राणोजीने तो जाताना पाहिला, आणि उठला. मग त्याने साच्यावरूनच चामड्याचे अर्धकवच शिवले, म्हणजे यंत्राच्या खालच्या अर्ध्या अंगास घालावयाची बंडी, आणि दोन पट्टे केले, एक गळ्याचा, एक मनगटाचा; परंतु मनगटाचा पट्टा त्याने साच्याहून बराच लहान केला आणि चूक झाली ऐसे सांगितले.

चैत्रापासून आश्विनापर्यंत सात सभा जाहल्या. पहिल्या सभेत राणोजीने शिसवी मूठ हाती घेऊन पुसले की ही मूठ आहे की जात्याचा खुंटा, आणि सटवोजी म्हणाला की तुझे कवच तरी काय, यंत्र निजवायची दुलई. धोंडजीचे म्हणणे की टेकू असता मूठ कशास. सटवोजीचे की टेकूने माथ्यावरची खाच अडली, आता उजेडाचा दिवा कोठे लावावा. राणोजी म्हणे की कवच घातले की चामड्यास बोटे चिकटतात; धोंडजी म्हणे की बॅटरी बदलावयास दर वेळी बंडी काढावी लागते, यंत्रास काय सर्दी झाली आहे. प्रत्येकाचे म्हणणे काही अंशी खरे होते, आणि म्हणूनच निवाडा होईना. दर सभेच्या शेवटी श्रीमंत चिमाबाईंस पुसत की धरणार तुम्ही, तर तुम्हीच सांगा, आणि बाई म्हणत, "विचार चालू आहे, स्वामी." विचार चालू नव्हता. निवड करावी तर हाती धरून दाखवावे लागणार, आणि धरले की अंगठा दिसणार, एवढेच होते. शेवटी सातव्या सभेत श्रीमंत थकले आणि म्हणाले की कोणाचे मन मोडणे नको, सगळेच बसवा.

येणेप्रमाणे सगळेच बसविले. तळाशी मूठ, मुठीस जागा सोडून कवच, माथ्यावर टेकू, कळीवर टिकली, गळ्याचा पट्टा आणि मनगटाचा पट्टा. यंत्र मूळचे बाहत्तर तोळे भरे, ते एकशे अठरा तोळे जाहले, आणि पाडव्याच्या सकाळी ते पालखीतून पायऱ्यांपुढे आणावे लागले. मागे पंतांची तिवई उभी होती, तिला हार घातला होता. सारा दरबार नव्या पगड्यांत उभा, पंतांनी पगडी दोन्ही हातांनी सारखी केली, एकच आहे याची खात्री करून घेतली. चिमाबाईंनी यंत्र उचलिले. मूठ थोरल्या महाराजांच्या पंजाची, म्हणून मधले बोट वळसा पुरा करीना. टेकू त्याच मापाचा, म्हणून अंगठा त्याच्या खालीच राहिला. तेव्हा सारा भार पेलण्यास बाईंनी डाव्या हाताची बोटे पुढून वर नेली. मग झरोक्यातून पाहिले. श्रीमंत दिसले, पंत दिसले, परंतु दुसरी फिकट प्रतिमा कोठेच नाही. बाईंनी कडे इकडे फिरविले, तिकडे फिरविले. शास्त्र जाणणाऱ्या बाई, त्यांनी घाबरण्याऐवजी कारणे मोजिली, आणि तिसऱ्या कारणाशी थांबून यंत्र उलटून पाहिले, तो डाव्या हाताची तर्जनी त्या मसुरेएवढ्या झरोक्यावर सपाट बसलेली. आणि बोट काढावे तर यंत्र पडते. इतक्यात बॅटरीची तांबडी खूण लागली. मग बॅटरी बदलण्यासाठी राणोजीने कवचाची बटणे सोडिली, आणि सटवोजी स्क्रू काढू लागला, आणि दुसरा स्क्रू घट्ट बसला होता, आणि श्रीमंतांच्या नाकास खाज सुटली पण रिवाजाप्रमाणे हलता येईना, आणि पंत ओठ न हलविता म्हणाले, "तिवई तयार आहे."

झाकण उघडले, बॅटरी बदलिली, आणि राणोजी कवच परत चढविण्यासाठी यंत्र हाती घेऊन थांबला. त्याने पाठीवरचे डाग पाहिले. वरचा जवाएवढा होता, आणि खालचा आता जवाएवढाच झाला होता. त्याने खालच्या डागावर आपला अंगठा ठेविला, तेथून वरच्यावर नेला, पुन्हा खाली आणिला. मग कोणास ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आक्का, पाठ सांगती म्हणलं होतं मी. हे कुणाचं हाय ते तुमी सांगणार, का तिवईला सांगू द्यायचं?"

चिमाबाईंनी पायऱ्यांकडे पाहिले. तीनशे माणसे श्वास धरून उभी होती, त्यांपैकी निम्म्यांच्या घरी कानस होती, हे बाईंस ठाऊक होते. श्रीमंतांनी तलवार दोन्ही हातांनी धरिली होती, आणि दोन्ही मनगटे दुखून पांढरी पडली होती. बाईंनी यंत्र पालखीत ठेविले, पदर मागे सारिला, आणि उजवा हात सर्वांसमोर पुढे केला. अंगठा आतल्या बाजूस कलला होता, तो त्यांनी तसाच कलू दिला.

तात्पर्य इतकेच की सात मास, सात सभा आणि सेहेचाळीस तोळे जास्तीचे ओझे, इतके होऊन त्या सकाळी तसबीर जाहलीच नाही. ती चार दिवसांनी पंचमीस जाहली, आणि तीत प्रत्येकास एकेकच मिशी व एकेकच पगडी आली, ती आजही सदरेत टांगलेली आहे. तिवई हारासह कोठारात गेली, तिजवर आता भोपळे टांगतात. श्रीमंतांनी त्याच दुपारी आपली तलवार राणोजीकडे पाठविली, आणि सोबत निरोप दिला की मूठ बारीक करावी, बोभाटा करू नये. आणि गावात कानशी उघड्यावर घासू लागल्या. परंतु हे सर्व पुढचे. ज्यापासून हे सर्व झाले ते बोलणे पायऱ्यांपुढे, हात पुढे करून, चिमाबाईंनी नेहमीच्याच आवाजात केले, ते येणेप्रमाणे:

"स्वामी, यंत्र घसरत नाही. माझा अंगठा दोन वर्षांमागे गेला, आणि ते मी लपविले. सुताराची मूठ उतरवा, कवच उतरवा, कळीवरची टिकली आणि गळ्याचा पट्टा उतरवा. अंगठ्यास एक टेकू राहू द्या आणि मनगटास एक पट्टा. मला तेवढे पुरते. थोरल्या महाराजांस माझा नमस्कार सांगून त्यांचा हात देव्हाऱ्याशी परत ठेवा. राणोजी, पुढे या. माप या हाताचे घ्या."