जरा सरकता का, आजी?

बाळाराम म्हात्रे फोटोतल्या माणसांना विचारल्याशिवाय हलवत नाहीत. ठाकुर्लीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मी पहिल्यांदा गेले ती सासूबाईंचं काम घेऊन. कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो होता. त्यात सासूबाई एका टोकाला आणि मामंजी दुसऱ्या. दोघांना शेजारी आणायचं होतं.

बाळारामभाऊंनी माउसने सासूबाईंच्या भोवती सावकाश रेघ फिरवली. मग स्क्रीनकडे वाकून हळूच म्हणाले, "आजी, जरा सरकता का? आजोबांच्या बाजूला?"

आणि थांबले. मीही थांबले. आत्ता सासूबाई काहीतरी म्हणतील असं मला खरोखरच वाटलं. मग बहुधा होकार मिळाला असावा, कारण भाऊंनी त्यांना अलगद उचलून मामंजींच्या शेजारी आणून ठेवलं.

पण त्या कॅमेऱ्याच्या जवळ उभ्या होत्या, त्यामुळे आता मामंजींच्या दीडपट दिसायला लागल्या.

"थोड्या लहान करा ना," मी म्हटलं.

"आधी पाकिटात घालू," भाऊ म्हणाले. "तसंच बारीक केलं आन परत मोठं केलं, तर मानूस इस्कटतं. मग ते नीट व्हत नाय. पाकिटात घातलं की बाहेरून कितीबी ओढा, वाकवा. आतलं हाय तसं ऱ्हातं."

त्या सॉफ्टवेअरमध्ये या पाकिटाला काहीतरी इंग्रजी नाव आहे. भाऊंना ते येतं, पण आवडत नाही. पाकिटातल्या सासूबाई लहान झाल्या. मग भाऊंनी त्यांना किंचित, अगदी किंचित, मामंजींकडे कलवलं. त्या दोघांच्या पन्नास वर्षांच्या संसारात मला कधी दिसली नव्हती ती जवळीक त्या कलण्यात दिसली.

"ओरिजिनलला हात लावायचा नाय," हे भाऊंचं पालुपद. मूळ फोटो सगळ्यात खाली, कुलूप लावून. जे काय करायचं ते वर, काचेवर काच ठेवल्यासारखं, वेगवेगळ्या लेयरवर. आणि प्रत्येक लेयरला नाव. एकदा त्यांच्या खांद्यावरून वाचली ती नावं अशी होती: 'आत्या रुसलेली', 'आत्या हसलेली', 'मामाचं पोट, जुनं'. काहीच पुसायचं नाही म्हटल्यावर फाइल जड होणारच. ती उघडेपर्यंत भाऊ चहा करतात. गिऱ्हाईक घड्याळ बघतं, भाऊ आलं किसतात.

एकदा विठ्ठलवाडीहून एक गृहस्थ आले होते. लग्नाच्या फोटोतून धाकटा जावई काढून टाका म्हणाले. भाऊंनी काढला. चार महिन्यांनी तेच गृहस्थ ओशाळे होऊन दारात उभे. "जावई परत येईल का?"

"गेलाच नव्हता," भाऊ म्हणाले. "डोळा मिटला व्हता फक्त." लेयरच्या नावाशेजारी डोळ्याचं छोटंसं चित्र असतं, ते त्यांनी दाबलं. जावई होता तिथे, हातातल्या आइस्क्रीमसकट, उगवला.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मी दुपारी तिथे जाऊन बसायला लागले. बाहेर रिक्षांचा गोंगाट असतो, आत पडदा ओढलेला. फोटोतून सोडवलेली माणसं स्क्रीनवर रिकाम्या जागेच्या राखाडी-पांढऱ्या चौकटींवर तरंगत असतात. पायाखाली जमीन नाही, मागे भिंत नाही, आणि तरी कुणाला कसली घाई नाही. बघता बघता माझेही डोळे जड व्हायचे, आणि आपणही कुणीतरी उचलून ठेवण्याची वाट बघतोय असं वाटायचं.

अशाच एका दुपारी त्या चौकटींवर मला नुसता हात दिसला. कोपरापासून खाली, हिरव्या बांगड्यांचा. शेजारी एक वेणी. पदराचं एक टोक. लेयरची नावं होती, 'कोपर, गणपती', 'वेणी, साखरपुडा', 'पाठ, बारसं'.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"सुमनचं."

सुमनवहिनी म्हणजे त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी गेल्या.

"घरातले सगळे फोटो मीच काढले," भाऊ म्हणाले. "आन सगळ्यांत ती कडेला. कुनाला पानी देतेय, ग्यास बंद करायला चाललीय. मी बाकीच्यांना नीट बसवीत व्हतो. ती अर्धी कापली जातेय, ते दिसलंच नाय मला. आता तुकडे जमवतोय. पन कोपर एका मापाचं, वेणी दुसऱ्या. वळवून बघितलं, ओढून बघितलं. जुळत नाय, वहिनी."

"आणि चेहरा?"

"ओळखपत्रावरचा हाय. त्यात ती कुनालाच ओळखत नाय."

घरी येऊन मी कपाटातले सगळे आल्बम खाली काढले. तिसऱ्यात सापडला. आमच्याकडच्या हळदीकुंकवाचा फोटो, मीच काढलेला. सोफ्यावर पाच जणी, आणि मधोमध सुमनवहिनी, डोक्यापासून पायापर्यंत अख्ख्या, तोंड उघडून हसताहेत.

दुसऱ्या दिवशी तो मी भाऊंच्या हातात दिला. मला वाटलं, लगेच स्कॅन करतील. पण ते नुसतेच बघत राहिले.

"कशाला हसतेय?" त्यांनी विचारलं.

मी कॅमेरा आणायला आत गेले होते; परत आले तेव्हा सगळ्या हसतच होत्या. मी कॅमेऱ्यामागे होते. सगळ्या जणी मावतात की नाही, एवढंच माझं लक्ष.

त्या आठवड्यात आम्ही फोटोतल्या बायकांकडे एकेक करून गेलो. दोघींना काही आठवेना. तिसरी म्हणाली, कुणीतरी तिळगूळ सांडला होता, पण तिला खात्री नव्हती. राहिल्या शेवंताकाकू. त्या आता लेकाकडे खडवलीला असतात. रविवारी आम्ही तिकडे गेलो.

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि खुदकन हसल्या. "अरे, तुझी नक्कल करून नुकतीच बसली होती ती."

"माझी?"

काकू गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. एक डोळा मिटला, जीभ दातांत धरली, दोन्ही हातांत नसलेला कॅमेरा घेतला आणि आमच्याकडे रोखून बघत मागे, मागे, मागे सरकत गेल्या, पाठ फ्रिजला आपटेपर्यंत. मग फ्रिजलाच वळून म्हणाल्या, "सॉरी हा, दादा."

मला हसू आवरेना. भाऊ हसले नाहीत. ते काकूंच्या हातांकडे, मिटलेल्या डोळ्याकडे बघत होते.

"परत कराल का, काकू?"

काकूंनी परत केलं. तिसऱ्यांदाही केलं, मग दमून खुर्चीत बसल्या. "दर हळदीकुंकवाला व्हायचं हे, ही शाळेत नाहीतर आत चहा करत असताना. आम्ही मागेच लागायचो तिच्या, सुमन, तुझा नवरा करून दाखव. डोळा कसा मिटतो, खांदा कुठला वर जातो, सगळं पाठ होतं तिला."

बाळारामभाऊंनी फोटो परत हातात घेतला. मग तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"एवढी बघायची ती माझ्याकडं?" ते म्हणाले.

"मग?" काकू म्हणाल्या, आणि चहा टाक म्हणून त्यांनी आत सुनेला हाक मारली.